दोन टायर तुम्हाला, दोन आम्हाला

गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवणाऱ्या माणसांवर माझं घर चाललं. इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या एका शोरूमच्या मागच्या बाजूला, सर्व्हिसच्या काउंटरवर मी कितीतरी वर्षं उभा होतो. दर सकाळी सुटाबुटातली माणसं माझ्यासमोर येऊन "घुंऽऽऽ" करत, "टक् टक् टक्, मग थांबतं, मग परत टक्" करत. एक निवृत्त साहेब तर मिसेसना बरोबर आणायचे. का, तर "ती तो आवाज माझ्यापेक्षा चांगला काढते." बाई खरंच चांगला काढायच्या. मागचं बेअरिंग गेलंय हे मी गाडीकडे न बघता सांगितलं होतं.

माझ्या हुद्द्याला कंपनी सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणायची. आमच्या महाराष्ट्र मंडळातली डॉक्टर मंडळी "तो गॅरेजमध्ये असतो" म्हणायची. आणि उदगीरला माझे वडील "पोरगा साहेबाच्या देशात इंजिनियर आहे" म्हणायचे. तिघांचंही खरं होतं, वडिलांचं जरा जास्त. वडील धान्याच्या मोंढ्यात हमाल होते. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ई. मेकॅनिकल, पहिला वर्ग. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. ज्यांच्या भिंतीवर आजोबांपासूनच्या पदव्या टांगलेल्या असतात, त्यांना विनय परवडतो.

तर, दोन हजार सालानंतरचं ते दशक उंच गाड्यांचं होतं. ज्याला त्याला फोर बाय फोर हवी. डोंगर चढणाऱ्या गाड्या घ्यायच्या आणि त्यांतून पोरांना शाळेत सोडायचं, ही त्या काळातली मोठी साहसी मोहीम. एवढ्या सपाट गावात एवढ्या डोंगरी गाड्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. इथला सगळ्यात अवघड चढ म्हणजे सुपरमार्केटच्या कारपार्कचा रॅम्प.

या गाड्यांमध्ये ऑटोमॅटिक फोर-व्हील ड्राइव्ह असायचा. म्हणजे काय, तर एरवी पुढची दोनच चाकं गाडी ओढतात. मागची दोन नुसती मागून येतात, वरातीतल्या नवरदेवाच्या मित्रांसारखी. पुढची चाकं घसरून जागच्या जागी फिरायला लागली, की मागच्यांना आपोआप कामाला जुंपलं जातं. त्याला बटण नाही, दांडा नाही, दिवाही नाही.

हे दिवा नसणं लोकांना फार लागायचं. एक सलूनवाल्या बाई गाडी घेतल्यावर आठवड्यात परत आल्या. "ते चालू झालं हे मला कळणार कसं?"

"कळणार नाही, मॅडम. कळलं नाही म्हणजे नीट चाललंय."

"पण मी त्याचे पैसे दिलेत!"

बाईंना मी दोष देत नाही. न बोलता काम करणाऱ्यावर कोणाचाच विश्वास नसतो. आमच्या मंडळात गणपतीला खुर्ची उचलणारा माणूससुद्धा माइकवरून नाव घेतल्याशिवाय दुसरी खुर्ची उचलत नाही.

दुसरी जात बर्फातल्या वीरांची. इंग्लंडात बोटभर बर्फ पडला की देश बंद होतो आणि फोर बाय फोरवाले रस्त्यावर उतरतात. अशाच एका सकाळी एक गृहस्थ झुडपात शिरलेली गाडी ओढून आणवून माझ्यासमोर उभे राहिले. "ही फोर-व्हील ड्राइव्ह आहे ना? मग घसरली कशी?"

"चारही चाकं मिळून घसरली, सर," मी म्हणालो.

त्यांनी मॅनेजरकडे तक्रार केली. पण यापेक्षा सोपं करून मला आजही सांगता येत नाही. चार चाकं ओढत असली की बर्फातून निघायला मदत होते. थांबायला होत नाही. ब्रेक गरिबाच्या गाडीलाही चारच असतात.

आता पुढची गोष्ट कळायला थोडं यंत्र सांगावं लागेल. पुढून मागच्या चाकांकडे जाणारा एक लांब दांडा असतो. त्याच्या मध्ये एक बंद डबा. डब्यात पातळ पातळ चकत्या आणि सिलिकॉनचं चिकट तेल. पुढची आणि मागची चाकं सारख्या वेगाने फिरताहेत तोवर डबा झोपलेला. वेगात चांगलाच फरक पडला, की चकत्या तेल घुसळतात, तेल तापून फुगतं आणि डबा पुढच्या-मागच्या चाकांना एकत्र घट्ट धरून ठेवतो. चिखलात हेच हवं असतं.

पक्क्या डांबरी रस्त्यावर मात्र हे अजिबात नको. शाळेत पंधरा ऑगस्टच्या संचलनात चौघांची रांग वळवलेली आठवते? आतला पोरगा जागच्या जागी पाय आपटतो, बाहेरचा धापा टाकत धावतो. वळणावर गाडीची चाकंही अशीच वेगवेगळं अंतर चालतात. डब्यातलं तेल एवढा किरकोळ फरक पोटात घालतं. पण त्या चौघांचे पाय सुतळीने एकमेकांना बांधले तर? चिखलात चाक जरासं घसरून हिशेब जुळवून घेतं. कोरडं डांबर घसरू देत नाही. मग गाडी थरथरते, अडते, कोणी मागून शेपूट धरल्यासारखी. म्हणून पक्क्या रस्त्यावर झोपून राहणं हेच त्या डब्याचं मुख्य काम. असं काम निष्ठेने करणारे आमच्या कार्यकारिणीतही काही होते.

आणि मिल्टन कीन्स म्हणजे राउंडअबाउट, चौकातलं गोल बेट, त्याला वळसा घालूनच पुढे जायचं. दर अर्ध्या मैलाला एक. हे गाव आखणाऱ्याने हातात कंपास घेतला आणि तो खाली ठेवायचा विसरला असावा.

अशा गावात वृषाली कांबळे यांची गाडी राउंडअबाउटवर थरथरायची.

वृषालीताई कम्युनिटी मिडवाइफ होत्या. म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डात न बसता आजूबाजूच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांना घरी जाऊन तपासायचं, आणि बाई घरीच बाळंत होणार असेल तर तिथे जाऊन सोडवायचं. मूळच्या नागपूरच्या. त्याही त्यांच्या घरातल्या पहिल्या पदवीधर. हे त्यांनी सांगितलं नाही, मीच ओळखलं. आमच्यासारखी माणसं सरकारी कचेरीत असोत की गाडीच्या शोरूममध्ये, प्लास्टिकची फाइल छातीशी धरूनच बसतात. गाडी त्या इथे येऊन शिकल्या, चाळिशीला टेकताना. तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास. खेड्यांतले अरुंद चढ, हिवाळ्यातला चिखल, म्हणून ही वापरलेली फोर बाय फोर घेतली होती.

त्या माझ्या काउंटरवर आल्या ती त्यांची आमच्याकडची तिसरी खेप होती. आधीच्या दोन्ही वेळा वर्कशॉपने कॉम्प्युटर जोडून, आवारात एक चक्कर मारून गाडी परत दिली होती. "दोष आढळला नाही." या तीन शब्दांइतकं उद्धट वाक्य मोटारधंद्यात दुसरं नाही. त्याचा ग्राहकाला ऐकू येणारा अर्थ एकच: दोष तुमच्यात आहे.

आणि तो अर्थ मोठ्याने वाचून दाखवायला त्यांचे यजमान मिलिंद बरोबर होतेच. मिलिंद आयटीत.

"भाऊ, मी चालवतो तेव्हा काहीच होत नाही," मिलिंद म्हणाले. "तिचा हातच जड आहे. स्टिअरिंग असं धरते जसं कोणी हिसकावून नेणार आहे."

"तुम्ही कधी चालवता?" मी विचारलं.

"दर रविवारी. टेस्कोला, किराणा आणायला."

"किती लांब?"

"पाच मिनिटं."

वृषालीताईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "भाऊ, मला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. मागच्या आठवड्यात मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसून राहिले. एका पेशंटकडे उशिरा पोचले. बाळ-बाळंतीण ठीक आहेत, पण आमची मॅनेजर म्हणते, ड्रायव्हिंगचा कॉन्फिडन्स गेला असेल तर वॉर्डात ये. नो शेम इन इट, म्हणते."

"वॉर्डात काय वाईट आहे?" मिलिंद म्हणाले. "एका जागी बसायचं. पाऊस नाही, चिखल नाही."

"वाईट काही नाही. पण वॉर्डातून बाहेर पडायला मला आठ वर्षं लागली ना, मिलिंद."

त्यावर मिलिंद भिंतीवरचं नव्या मॉडेलचं पोस्टर वाचू लागले.

मी विचारलं, "ताई, आवाज कसा येतो?" सवयीचा प्रश्न. आता "घुर्रर्र" ऐकायला मिळणार म्हणून मी तयार.

त्यांनी आवाज काढला नाही. म्हणाल्या, "आवाजाचं सोडा. कधी होतं ते सांगते. निघाल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काही नाही. मग एखाद्या राउंडअबाउटला बारीकशी कळ. मग बरं वाटतं. मग पुढची कळ मोठी. मग दर राउंडअबाउटला, आणि जोर वाढत जातो."

"आणि गाडी थांबवली तर?"

"तासभर उभी केली की सगळं शांत. तुमच्याकडे आणून उभी करते, तुमचे लोक तासाभराने बघतात. तोवर कळा बंद. आमच्या पहिलटकरणींचं असंच असतं. घरी विव्हळतात, हॉस्पिटलच्या दारात पाऊल टाकलं की एकदम थांबतात. मग नवरे म्हणतात, काही नव्हतंच, उगाच आणलं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी पोस्टरच्या दिशेने म्हटलं.

मला इतक्या वर्षांत कोणी गाडीची इतकी चांगली केस-हिस्टरी सांगितली नव्हती. थंड असताना नाही, तापल्यावर येतं, निवल्यावर जातं. हे हाताचं दुखणं नव्हे, तापणाऱ्या वस्तूचं. आणि आमच्या वर्कशॉपने ती वस्तू दोन्ही वेळा थंड करून तपासली होती.

"चला," मी म्हणालो. "तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. तुम्ही मागे बसा, मिलिंद."

पहिली वीस मिनिटं काहीच झालं नाही. दर राउंडअबाउट पार पडला की मागच्या सीटवरून "बघा" असा आवाज यायचा. बकिंगहॅमच्या दिशेने मोठ्या रस्त्याने गेलो, वळून परत आलो. मी मुद्दाम बोलत राहिलो, कारण वृषालीताई श्वास मोजून घेत होत्या. बायकांना शिकवतात तसा स्वतःच घेत होत्या.

परतीच्या तिसऱ्या राउंडअबाउटवर गाडी अडली. ब्रेक कोणी दाबला नव्हता. बूड धरल्यासारखी ती थरथरली आणि खालून कुरकुरत घसटत पुढे गेली. मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न दिला. इंग्लंडात हॉर्न म्हणजे आईवरून शिवी.

"ब्रेक नको," मी म्हणालो. "तशीच घ्या. गाडी अडतेय, तुम्ही नाही."

पुढच्या राउंडअबाउटवर जास्त. केबिनमध्ये तापल्या तेलाचा वास आला. मिलिंदनी दोन्ही हातांनी दारावरची कडी धरली होती. "हे... हे काय होतं?"

"ही कळ," वृषालीताई म्हणाल्या.

वर्कशॉपमध्ये गाडी वर उचलली. डब्याला हात लावायची सोय नव्हती, इतका तापलेला. मग मी चाकांकडे पाहिलं. पुढचे दोन टायर कोरे करकरीत, मागचे दोन बरेच झिजलेले. कायद्याने चारही पास. इथे टायरच्या खाचेत वीस पेन्सचं नाणं उभं करून बघतात. मागच्यांतही ते अजून नियमापुरतं बुडत होतं.

"पुढचे टायर कधी घातले?"

"दोन महिने झाले," मिलिंद म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुलले. "काय ऑफर होती! तीन घ्या, चौथा फ्री."

"मग चार का नाही घातले?"

"मागचे चांगले होते की! आणि डॉक्टर सरंजामेंचेही मागचे चांगले होते. त्यांची गाडी सेम मॉडेल. म्हणून सेट घेतला आणि दोन आम्ही, दोन त्यांनी."

मी हसलो नाही, कारण मी युनिफॉर्ममध्ये होतो. पण वाचकहो, तुम्ही परदेशातल्या मंडळात राहिला असाल तर तुम्हाला कळेल. आम्ही वीस किलोची तांदळाची गोणी घेतो आणि दोन घरांत वाटतो. हापूसची पेटी आली की अर्धी तुम्हाला, अर्धी आम्हाला. कॅश अँड कॅरीतून तेलाचा डबा, कोथिंबिरीची जुडी, सगळं वाटून. परदेशात हेच आमचं गोत्र. इंग्रज माणूस फार तर स्वस्तातला वाईट टायर घेईल. उत्तम टायरांचा सेट फोडून दोन घरांत फराळासारखा वाटायची बुद्धी आमचीच.

झालं होतं ते असं. झिजलेला टायर नव्यापेक्षा किंचित लहान असतो. तेवढंच अंतर चालायला त्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा पुढच्या-मागच्या चाकांचा वेग सतत वेगळा. डब्याला वाटतं, अरे, चाक घसरतंय, उठा! चकत्या घुसळतात, तेल तापतं, डबा घट्ट होतो. पाच मिनिटांच्या टेस्कोला तो जागाही होत नाही. वीस मिनिटांच्या खेड्याला मात्र गाडीचे पाय बांधले जातात, आणि मग राउंडअबाउट येतो.

मिलिंदना हे पटलं नाही. "साइझ तर सेम आहे." मग म्हणाले, "डॉक्टरांना तर काही त्रास नाही." हा त्यांचा हुकमाचा पत्ता होता.

म्हणून गुरुवारी दुपारी मी डॉक्टर सरंजामेंनाही गाडी घेऊन बोलावलं.

डॉक्टर भूलतज्ज्ञ, मंडळाचे माजी अध्यक्ष. या मॉडेलची शिफारस त्यांनीच अर्ध्या मंडळाला केली होती. ते शैलजावहिनींना घेऊन आले. मोटरवेवरून तासभर दौडत आले आणि आमच्या कारपार्कमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून जागेत शिरायला लागले. गाडी थरथरली, कुरकुरली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच जागच्या जागी उभी राहिली.

डॉक्टर उतरले आणि बोनेटवर थाप मारून मला म्हणाले, "बघितलंत, गायकवाड? ग्रिप! रस्त्याला कशी चिकटून बसते! आधी एवढी नव्हती, नवे टायर घातल्यापासून आलीय."

वृषालीताईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. हीच कळ दोन महिने त्यांना येत होती. त्यांच्या गाडीत तो हाताचा दोष होता, डॉक्टरांच्या गाडीत तो गाडीचा गुण.

मी वृषालीताईंच्या थंड झालेल्या गाडीच्या चारही टायरांवर, अगदी खाली, जमिनीला टेकतात तिथे, खडूने एकेक रेघ मारली. गिअर न्यूट्रल.

"ढकला," मी म्हणालो.

"आम्ही?" डॉक्टर म्हणाले.

"ढकला हो," शैलजावहिनी म्हणाल्या. "रोज जिमला जाता ना."

एक कन्सल्टंट डॉक्टर आणि एक आयटी मॅनेजर फोर बाय फोर ढकलताहेत, हे बघायला आमचं अख्खं वर्कशॉप चहाचे मग घेऊन दारात आलं. कारपार्कच्या त्या टोकाला, पुढच्या चाकांच्या रेघा परत खाली आल्या तिथे मी गाडी थांबवली. मागच्या चाकांच्या रेघा खाली टेकून केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या.

डॉक्टर कमरेवर हात ठेवून वाकले. पुढची रेघ बघितली, मागची बघितली. "हे कसं?"

उत्तर वृषालीताईंनी दिलं. "मागचं चाक लहान आहे, डॉक्टर. पुढच्याच्या बरोबरीने राहायला त्याला कायम जास्त पळावं लागतं."

"आणि आपण म्हणतो, त्यालाच दम लागतो," शैलजावहिनी म्हणाल्या. वहिनी फार बोलत नसत. बोलल्या की भूल लागत नसे, उतरत असे.

मग डॉक्टरांची गाडी वर घेतली. वृषालीताईंचा डबा अजून जिवंत होता, कारण त्या घाबरून दर वेळी थांबत होत्या, आणि थांबल्यावर तो निवत होता. डॉक्टर थांबत नव्हते. ग्रिपच्या आनंदात त्यांनी तो जाळून टाकला होता. थंड झाल्यावरही सुटेना.

मी दोन रस्ते सांगितले. नवा डबा, किंवा तोवर मागे जाणारा दांडाच काढून ठेवायचा. मग गाडी नुसत्या पुढच्या दोन चाकांवर चालेल. "फोर बाय फोर राहणार नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतोय, डॉक्टर. विम्यालाही कळवा."

"तात्पुरता काढा," डॉक्टर म्हणाले. "डब्याचं बघू मग."

"दांडा काढला की मागचे-पुढचे टायर वेगळे असले तरी चालतील ना?" शैलजावहिनींनी विचारलं.

"हो. पुढचं-मागचं नातंच उरत नाही."

"मग आपले नवे दोन हिला द्या, आणि हिचे जुने दोन आपल्याला."

"शैला, माझे टायर—"

"अहो, तुम्ही घरातून हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जाता. पेशंट आधीच झोपलेला असतो. हिची पेशंट जागी असते."

डॉक्टरांनी आपल्या कोऱ्या टायरांवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "अर्थात. मी तेच सुचवणार होतो."

अशा रीतीने फुटलेला सेट परत एका गाडीखाली आला.

डॉक्टरांचं तात्पुरतं पुढे कायमचंच झालं. दांडा त्यांच्या गॅरेजमध्ये जुन्या सोफ्यामागे उभा राहिला. आणि पुढची कितीतरी वर्षं दिवाळीच्या कार्यक्रमात डॉक्टर, हातात चिवड्याची प्लेट, नव्या लोकांना सांगत, "मी फोर बाय फोरशिवाय चालवूच शकत नाही. फरक जाणवतो हो!" गाडीचं कंबरडं माझ्या हाताने काढलेलं. पण मी मधे बोलत नसे. पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह किती कामाला येतो, याचा इतका प्रदीर्घ आणि नि:पक्षपाती प्रयोग कोणत्या कंपनीने केला असेल?

एक गोष्ट मात्र अजून टोचते. आता काउंटरवरून उठून ग्राहकाच्या शेजारी गाडीत बसणारा माणूस राहिला नाही. गाडीला वायर जोडतात, कॉम्प्युटर सांगेल ते खरं. त्या डब्याला वायरच नव्हती. कॉम्प्युटर दोन्ही वेळा म्हणाला होता, सगळं ठीक आहे, आणि एक शहाणी बाई दोन महिने ते स्वतःविरुद्ध खरं मानून बसली होती. अशा किती जणी "दोष आढळला नाही" घेऊन घरी गेल्या असतील आणि किल्ली नवऱ्याच्या हातात देऊन मोकळ्या झाल्या असतील, कोण जाणे.

शुक्रवारी सकाळी वृषालीताई म्हणाल्या, आधी गाडी तापवून बघायची, मग मॅनेजरला फोन. त्या चालवायला, मी शेजारी, मिलिंद मागे. परत बकिंगहॅमच्या बाजूने गेलो, परत वळलो. अर्धा तास झाला, जास्त झाला. पहिला राउंडअबाउट, काही नाही. दुसरा. मागून "बघा" येईना.

तिसऱ्यावर, जिथे गाडी अडली होती त्याच राउंडअबाउटवर, त्या आत शिरल्या आणि आमचा फाटा आला तरी बाहेर पडल्या नाहीत. पूर्ण फेरी मारली. परत फाटा आला, परत गेला.

"वृषाली, एक्झिट गेला," मिलिंद म्हणाले.

"माहीत आहे."

तिसरी फेरी. एका हाताने. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच चौथ्या खेपेला पास झालेल्या बाईचा माज पाहिला. फार छान दिसतो तो.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी बाहेर पडून शिस्तीत बस-स्टॉपच्या पुढे गाडी लावली, मग फोन घेतला. "हाऊ फार अपार्ट आर द पेन्स?... ओके. डोन्ट पुश येट, डार्लिंग. आय ॲम ऑन माय वे." फोन ठेवला आणि आमच्याकडे वळल्या.

"उतरा दोघंही. बाईची दुसरी खेप आहे, बाळ थांबणार नाही."

"पण आम्ही परत कसे—"

"सायकलच्या रस्त्याने चाला. तीन मैल आहे, पाय मोकळे होतील. आणि मिलिंद, मॅनेजरला मी संध्याकाळी फोन करते. काय सांगायचं ते ठरलंय."

आम्ही दोघं, एक बी.ई. आणि एक आयटी मॅनेजर, ओल्या गवतात उभे राहिलो. गाडी परत राउंडअबाउटात शिरली, न थरथरता, न अडता वळली आणि खेड्याच्या फाट्याला लागली.

ती दिसेनाशी होईपर्यंत मिलिंद बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, इंडिकेटर जरा उशिरा दिला नाही का तिने?"

मी त्यांच्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोष आढळला. पण तो आमच्या वर्कशॉपमध्ये निघणारा नव्हता. मी चालायला लागलो.